चार गोळ्या उरल्या होत्या

३ सप्टेंबर, मंगळवार

ही वही मीच शिवलेली आहे. आमच्या बाइंडिंगखान्यात एखादी मोठी ऑर्डर संपली की थोडे कोरे कागद उरतात, मुकादम ते रद्दीत टाकतो. मी दोन वर्षं एकेक कागद जमवला आणि वही केली. म्हणून पानं एका रंगाची नाहीत. शिवून झाल्यावर लक्षात आलं की आपल्याकडे लिहिण्यासारखं काही नाही, मग ती तशीच कपाटात पडून राहिली. आज कारण मिळालं. गोळ्या लिहून ठेवायच्या आहेत.

लेक आजारी आहे. सव्वीस वर्षांची घोडी झाली, पण तिचे वडील तिला ठकी म्हणायचे, घरात तेच नाव राहिलं. शिवणाच्या दुकानात काजं करते. तिच्या हातचं काज यंत्रानं केलंय की काय असं लोक उलटसुलट करून बघतात. चार दिवस लघवीला आग होत होती, काल थंडी वाजून ताप आला. आज दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुठल्या औषधानं पूर्वी त्रास झालाय का? हिला, किंवा घरात कुणाला?"

मी म्हटलं, "नाही बाई. आमच्या घरात दगड पचतात."

त्या हसल्या आणि चिठ्ठी लिहिली. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ एकेक.

औषधवाल्यानं पट्टी काउंटरवर ठेवली तेव्हा मी ती उचलून बघितली. पांढरी, लांबट, मधे रेघ. ह्यांची तीच गोळी. नाव दोनदा वाचलं. तीच. मग वाटलं, बरं झालं. या वेळी अर्धवट राहणार नाही.

ह्यांचं इथं लिहून ठेवते, म्हणजे मला विसर पडायचा नाही. तीन वर्षांपूर्वी ह्यांनाही असाच त्रास झाला. घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचायचं काम. दिवसभर दुसऱ्यांच्या पाण्याचे आकडे लिहायचे आणि स्वतः पेलाभर प्यायचे नाहीत. हीच गोळी, दहाच दिवस. सहाव्या दिवसानंतर ह्यांनी बंद केल्या. अंगाला खाज सुटते म्हणाले, छातीवर लाल ठिपके दाखवले. दोन दिवस घेतल्या नाहीत. खाज कमी झाली तर मला म्हणतात, बघ, आता मी ठणठणीत आहे. पण डॉक्टरांनी मला बजावलं होतं की कोर्स पुरा झाला पाहिजे. वाद नको म्हणून मी गोळी कुटून चहात घालायला लागले, साखर जास्त टाकून. ह्यांना कळलं नाही. चार गोळ्या अशा पोटात गेल्या, पण तोवर उशीर झाला होता. आजार उलटला. तोंड आलं, डोळे चिकटले, अंगभर फोड. हॉस्पिटलात नेलं तिथल्या डॉक्टरनं पहिलंच विचारलं, "गोळ्या मधे सोडल्या होत्या का?" मी हो म्हटलं. "मग काय होणार? अर्धवट सोडलं की जंतू रक्तात जातात." पाचव्या दिवशी हे गेले. कागदावर तेच कारण लिहिलं.

चार गोळ्या उरल्या होत्या. त्या मी ह्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवल्या आहेत. डबी हलली की आवाज येतो, म्हणून कपाट पुसताना मी तिच्या बाजूनं फडकं फिरवते.

४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी पहिली. संध्याकाळी दुसरी.

काल एक लिहायचं राहिलं. औषधवाल्यानं खोक्यातून पट्ट्या काढल्या आणि आतला घडीचा कागद टोपलीत टाकला. मी म्हटलं, "तो द्या."

"मावशी, पुडी बांधायला का?"

"वाचायला."

"तो कुणी वाचत नाही. वाचला तर औषध घ्यायला कुणी धजणार नाही आणि माझं दुकान बसेल."

मीही हसले. आज जेवणाच्या सुट्टीत कागद काढला. आधी घडी पाहिली, सवयच आहे. बऱ्याच पदरांची घडी, यंत्राची, पण कोपऱ्याला कोपरा बरोबर. अक्षर मुंगीएवढं. सगळ्यात वरच्या पदरावर छापलं आहे: 'बरे वाटले तरी गोळ्या मध्येच बंद करू नयेत. सांगितलेले दिवस पूर्ण करावेत.' मला एवढंच हवं होतं. दोनदा वाचलं आणि कागद या वहीत ठेवला. उरलेलं रविवारी वाचीन.

५ सप्टेंबर, गुरुवार

तिसरी, चौथी. ताप उतरला. आग कमी आहे म्हणते.

आज एका कादंबरीचे ताव आले. मी शाळा तिसरीत सोडली, वाचायला शिकले ती इथं, तावांवर. एका तावावर सोळा पानं छापलेली असतात. घड्या घातल्या की त्याचा एक फॉर्मा होतो. एका बाईला एकच फॉर्मा, दोन-तीन हजार वेळा. त्यामुळे मला खूप पुस्तकं ठाऊक आहेत, पण प्रत्येकाची सोळाच पानं. आज माझ्याकडे आलेल्या पानांत एक म्हातारा घर विकायला निघाला आहे आणि त्याची सून किल्ली लपवून बसली आहे. मी चारशे घड्या झाल्यावर थांबून वाचत होते तर मुकादम आला. "काय बाई, वाचनालय उघडलंय का?"

मी म्हटलं, "सून किल्ली देते का तेवढं बघते आणि मिटते."

"ते पुढच्या फॉर्म्यात आहे. तो शिलाईवालीच्या टेबलावर आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून तिचे हात भरभर चालतात."

घरी ठकीला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तू मला आजवर एक गोष्ट शेवटापर्यंत सांगितलेली नाहीस."

७ सप्टेंबर, शनिवार

सातवी, आठवी. काल पाचवी आणि सहावी झाली, लिहायचं राहिलं. ठकी आज दुकानात जाऊन आली. अकरा शर्टांची काजं केली. संध्याकाळी म्हणाली, "मला बरं वाटतंय, आता बास का?" मी कागद दाखवला. वरचा पदर. ती म्हणाली, "बरं बाई, छापलंय तर खरंच असणार."

८ सप्टेंबर, रविवार

नववी सकाळी. दुपारी न्हाऊन आली तर गळ्याखाली आणि छातीवर लाल ठिपके. खाज आहे. वरच्या मजल्यावरची मावशी डोकावली, म्हणाली, उष्णता आहे, ताक पाज. ताक दिलं. संध्याकाळी दहावी.

कागद वाचायला काढला होता. चष्मा लावूनही डोळ्यांना पाणी आलं. पुन्हा कधीतरी.

९ सप्टेंबर, सोमवार

अकरावी, बारावी.

अकरावीला भांडण झालं. ठिपके पाठीवर उतरलेत, मधे काळसर झालेत. ठकी म्हणाली, "ही गोळीच बाधतेय मला. मी नाही घेणार."

मी म्हटलं, "हेच वाक्य तुझ्या वडिलांनी म्हटलं होतं. सहाव्या दिवशी. आज तुझा कितवा?"

तिनं बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "दवाखान्यात तर जाऊ."

गेलो. दाराला कुलूप आणि पाटी, डॉक्टर बाहेरगावी, गुरुवारी भेटतील. मोठं हॉस्पिटल आहे, तिथं जाता आलं असतं. मी म्हटलं, तिथं ओळख ना पाळख, दिवसभर रांगेत उभं करतील, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. खरं सांगायचं तर ह्यांना जिथं नेलं होतं त्या इमारतीत मला पाय ठेवायचा नव्हता.

संध्याकाळी बारावी. ती घेईपर्यंत मी समोर बसले. पेला रिकामा होईपर्यंत हलले नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

तेरावी, चौदावी. पुन्हा ताप. गिळताना दुखतं म्हणते. ओठ सुजलेत. कामावर खाडा केला.

मला भीती वाटते आहे, पण ह्यांच्या वेळची नाही. तेव्हा काय करायचं ते कळत नव्हतं. या वेळी एकही गोळी चुकलेली नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

पंधरावी कुटून, साखरेच्या पाण्यातून. तोंडात फोड आलेत, अख्खी गिळवत नाही. सोळावी तशीच. मी समोर बसून होते. तिनं अर्धा पेला घेतला आणि माझ्याकडे पाहत राहिली. मग उरलेला घेतला.

डोळे चिकटतायत. ओल्या कापसानं पुसते.

हे सगळं मी पूर्वी पाहिलं आहे. फरक एवढाच की हिच्या गोळ्यांत खंड पडलेला नाही. खंड पडला नाही तरी आजार कसा उलटला? दोन गोळ्यांत बारा तासांऐवजी कधी तेरा झाले असतील. मावशीनं दिलेल्या ताकानं काही झालं असेल. मला दुसरं सुचत नाही.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सतरावी सकाळी साडेसातला. तीन उरल्या.

नंतर तिचे कपडे बदलायला घेतले. खांद्याला धरून उठवलं तर माझ्या बोटांखाली कातडी सरकली. खळीनं भिजलेल्या कागदाचा वरचा पापुद्रा सुटतो तशी. खाली लाल. ती ओरडलीसुद्धा नाही, घशातून आवाज निघत नव्हता. मी मावशीला हाक मारली, तिनं रिक्षा आणली.

तेच हॉस्पिटल. फाटकाचा रंग बदललाय.

हिला जळालेल्या लोकांच्या वॉर्डात ठेवलं आहे. मी म्हटलं, अहो ही भाजलेली नाही. सिस्टर म्हणाल्या, "माहीत आहे. कातडी गेली की आम्ही इथंच ठेवतो." एक चष्मेवाले तरुण डॉक्टर आले. काय काय औषधं घेतली विचारलं. मी पट्टी दिली. शेवटची कधी घेतली?

"आज सकाळी साडेसातला. सगळं लिहिलेलं आहे. डॉक्टर, तीन राहिल्यात, त्या इथं द्याल ना? कोर्स पुरा व्हायचाय."

त्यांनी पट्टी स्वतःच्या खिशात घातली. म्हणाले, "काकू, ही गोळी हिला यापुढं आयुष्यात द्यायची नाही."

"मधे सोडली तर जंतू रक्तात जातात."

"ही गोळीच तिला आतून जाळतेय."

तरुण आहे. मागच्या वेळचे डॉक्टर चांगले पन्नाशीचे होते. दोघांतला एक चुकतोय.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी घरी येऊन तिचे कपडे घेतले. चष्म्याची डबीही घेतली. आत चार आहेत, मला तीनच हव्यात. तिला नाकातल्या नळीतून दूध देतात. सिस्टर जरा बाजूला गेल्या की विरघळवून घालता येईल. मी हे इथं लिहिते आहे कारण मी हे करायला निघाले होते.

त्याआधी डॉक्टरांना एकदा कागद दाखवावा म्हटलं. छापलेलं तरी मानतील. वॉर्डाच्या दारात त्यांना गाठलं आणि वरच्या पदरावर बोट ठेवलं. "हे वाचा. मध्येच बंद करू नयेत."

त्यांनी वाचलं. म्हणाले, "बरोबर आहे. आता घडी उघडा."

मी एक पदर उघडला.

"सगळी."

कागद माझ्या हातापेक्षा लांब निघाला. त्यांनी खालच्या बाजूला बोट ठेवलं आणि मला वाचायला सांगितलं. मी मोठ्यानं वाचलं. अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल होणे, कातडी सुटणे. असे क्वचित होते, पण झाल्यास गोळ्या ताबडतोब बंद कराव्यात. पुढची ओळ: ज्यांना या गोळ्यांनी एकदा असा त्रास झाला आहे त्यांना त्या पुन्हा देऊ नयेत, जिवाला धोका होतो.

ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही.

एकोणीस वर्षं घड्या घालते आहे. घडी घालताना एक बाजू वर येते, बाकीच्या आत जातात, एवढं मला कुणी सांगायला नको होतं.

डबी पिशवीतच राहिली.

१४ सप्टेंबर, शनिवार

डॉक्टरांना तारखा हव्या होत्या. पुरळ नक्की कधी उठलं, ताप परत कधी आला. मी म्हटलं, वहीत आहे. त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं रविवारचं पान काढतील. त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. शिकलेली माणसं पहिल्या पानापासून वाचतात.

मी भिंतीवरचा साबणानं हात कसे धुवावेत त्याचा तक्ता पाहत राहिले. बराच वेळ लागला. त्यांनी एक पान उलटलं आणि परत मागं आले.

"काकू, हिचे वडील."

"हो."

"त्यांनी बंद केल्यावर खाज कमी झाली होती?"

"लिहिलंय ना."

"आणि चहातून..." त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "हे कधी कधी रक्तातून येतं. बापाला झालं तर मुलाला व्हायची शक्यता असते. दवाखान्यात कुणी विचारलं नाही का?"

"विचारलं होतं. मी म्हटलं, आमच्या घरात दगड पचतात."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला माहीत नव्हतं," म्हणाले. वही परत दिली ती दोन्ही हातांनी.

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज काल परवा एकच दिवस आहे. पाठीवर कातडी नाही. चादर चिकटू नये म्हणून तेलकट जाळी घालतात. ती बदलताना मला बाहेर काढतात आणि दार लावतात. दार जाड नाही.

डोळ्यांचे डॉक्टर दिवसातून तीनदा येतात. पापण्या आतून डोळ्याला चिकटू नयेत म्हणून काचेची बारीक कांडी फिरवून सोडवतात. आमच्याकडे चिकटलेली पानं पट्टी घालून सोडवतात तसं. ते बघून मी आता पानं कशी सोडवणार कोण जाणे.

सिस्टर म्हणाल्या, हा आठवडा निघाला पाहिजे. ह्यांचा पाचवा दिवस निघाला नव्हता. आज हिचा सहावा.

२० सप्टेंबर, शुक्रवार

ठकीनं आज पहिला शब्द काढला. डोळ्यांवर पट्टी. ओठ हलले म्हणून मी कान लावला. म्हणाली, "गोष्ट."

मी तिला म्हाताऱ्याची सांगितली, जो घर विकायला निघालाय, आणि सून किल्ली लपवते. ती थांबून राहिली. मी म्हटलं, "पुढचा फॉर्मा शिलाईवालीकडे गेला." तिचे ओठ जरा फाकले. हसली असेल. ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मुकादम आला होता. बरोबर सफरचंदं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. वॉर्डात शिरला आणि ठकीला पाहून लगेच बाहेर आला. बाकावर बसून पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. ती कादंबरी, बांधून पुरी झालेली. म्हणाला, "एक प्रत कमी भरली तर कोण मोजतंय. लेकीला वाचून दाखवा. पहिल्यापासून वाचा." मग भिंतीकडे बघून म्हणाला, "तुमच्या जागी दुसरी बाई बसवलेली नाही."

२ ऑक्टोबर, बुधवार

पट्टी काढली. उजव्या डोळ्यानं तिला हात दिसतो, बोटं मोजता येत नाहीत. डाव्यानं उजेड आणि अंधार. उजेड सहन होत नाही. डोळ्यांतलं पाणी आटलंय, ते परत येईल असं नाही, असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. पुढं ऑपरेशन करून बघू म्हणाले.

ती म्हणाली, "काजं?"

डॉक्टरांना कळलं नाही. मी सांगितलं की ही काजं करते. ते म्हणाले, "सध्या ते डोक्यातून काढा."

ती माझ्याकडे वळली नाही. माझा आवाज कुठून येतो ते तिला ठाऊक होतं.

७ ऑक्टोबर, सोमवार

परवा घरी आलो. खिडक्यांना जुन्या चादरी लावल्या आहेत. नवी कातडी गुलाबी आणि डागडागांची आहे, उन्हात जायचं नाही.

आज पुन्हा दाखवायला गेलो होतो. तिथं औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी एक मुलगी बसते, टेबलावर चार फायली आणि एक पंखा. ठकीचा अर्ज तिनं वॉर्डातच भरला होता. मी विचारलं, "गेलेल्या माणसाचा भरता येतो का?"

"किती वर्षं झाली?"

"तीन."

"कागद आहेत?"

"एकच आहे आणि त्यावर चुकीचं लिहिलंय. पण गोळ्या आहेत." मी डबी उघडून तिच्यापुढं ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदा उघडली. पट्टीच्या तुकड्यात चारही तशाच होत्या, जरा पिवळ्या पडलेल्या.

तिनं पट्टीवरचा नंबर लिहून घेतला, गोळ्या पाकिटात घातल्या आणि डबी मला परत दिली. म्हणाली, "भरा तुम्ही. नोंद नसली की ते झालंच नाही असं धरतात. घरी न्या, शांतपणे भरा, आणि एकही रकाना सोडू नका."

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज अर्ज भरला. सकाळची वेळ, चादरीच्या फटीतून येईल तेवढ्या उजेडात. ठकी कॉटवर टेकून बसली होती. पेन कागदावर चाललेलं तिला ऐकू आलं.

"काय लिहितेस?"

"बाबांचा अर्ज."

"वाच."

मी म्हटलं, पुरा झाल्यावर वाचते. ती म्हणाली, "नाही. लिहिता लिहिता वाच. सगळं."

मग मी एकेक रकाना वाचत गेले आणि भरत गेले. वय, वजन. वजन तिला आठवत होतं, मला नाही. औषधाचं नाव. कशासाठी दिलं. काय त्रास झाला. किती दिवसांनी. औषध बंद केलं का? होय. बंद केल्यावर त्रास कमी झाला का? होय.

पुढचा रकाना वाचायला मला वेळ लागला. ती वाट पाहत राहिली.

"औषध पुन्हा सुरू केले का?" मी वाचलं. लिहिलं, होय. "पुन्हा सुरू केल्यावर त्रास परत आला का?" होय. "रुग्णाचे पुढे काय झाले?" मृत्यू.

"पुन्हा कुणी सुरू केलं?" ठकीनं विचारलं.

"तो रकाना नाही यात."

"मी विचारतेय."

मी सांगितलं. चहाचं, साखरेचं, ह्यांना कळू दिलं नाही ते. तीन वर्षांत हे मी या वहीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि वहीतसुद्धा मी ते शहाणपणा केला असं समजून लिहिलं होतं.

तिनं माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "बाबांना ठाऊक होतं."

माझ्या हातातलं पेन खाली ठेवलं मी.

"मला कप दाखवला होता. तळाला पांढरा गाळ होता. म्हणाले, तुझ्या आईला वाटतं मला कळत नाही."

"मग प्यायले कशाला?"

"तू समोर बसून असायचीस," ती म्हणाली. "कप रिकामा होईपर्यंत." आणि थोड्या वेळानं, "माझ्याही समोर बसायचीस."

खाली कुणीतरी बादली भरत होतं. ती भरून वाहायला लागली, तरी नळ कुणी बंद करेना.

अर्जाच्या शेवटी नोंद करणाऱ्याची सही आणि रुग्णाशी नातं असतं. पत्नी, असं लिहिलं. सही केली.

दहा वाजले. तिच्या डोळ्यांत दर दोन तासांनी थेंब घालावे लागतात. मी बाटली घेऊन कॉटवर बसले, तिची हनुवटी वर केली. तिनं माझं मनगट धरलं. बोटांत अजून जोर नाही, पण धरलं.

"आधी वाच."

मी बाटली उजेडाकडे नेली आणि नावापासून सुरुवात केली. नाव, मात्रा, तारीख. मग ती फिरवून मागची बाजू. मग खोक्यातला कागद काढला, पूर्ण उघडून मांडीवर पसरला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. मुंगीएवढं अक्षर. मधेच डोळ्यांना पाणी आलं की थांबत होते. माझ्या मनगटावरची बोटं तिनं शेवटच्या ओळीपर्यंत सोडली नाहीत.

मग तिनं मान मागं टेकली.